मोजमापातून नावीन्याकडे : कोल्हापूरच्या मध्यम फाउंड्रीसाठी मार्गदर्शिका

शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींपर्यंत पसरलेल्या कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाची मुळे ऊस, गुऱ्हाळे आणि त्यांना लागणाऱ्या ऑइल इंजिनांत आहेत. आज येथे ओतलेली कास्टिंग्ज, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेले भाग, मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांत जातात, आणि त्या कारखान्यांकडून अलीकडे दोन प्रश्न एकाच वेळी येऊ लागले आहेत. तुमच्या उत्पादनाची हीटनिहाय, म्हणजे भट्टीत वितळवलेल्या एकेका खेपेची, माहिती संगणकावर मिळेल का, हा पहिला. आणि एका टनामागे तुम्ही किती वीज, किती वाळू आणि किती कार्बन खर्च करता, हा दुसरा. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न सॉफ्टवेअर पाहणाऱ्या माणसाकडे जातो, दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रे सांभाळणाऱ्याकडे, आणि नवे काही करून पाहण्याचा विषय, वेळ मिळालाच तर, मालक स्वतःकडे ठेवतात.

माझ्या मते ही विभागणीच मुळात नुकसान करते. संसाधनांची बचत हे उद्दिष्ट असले की कारखान्यात नेमके कुठे पाहायचे ते कळते, डिजिटल साधनांमुळे तिथे काय घडते ते दिसते, आणि जे दिसले त्यावर बदल करून पाहण्याची मुभा असलेल्या माणसांकडून नावीन्य येते. यांपैकी एक गोष्ट नसेल, तर उरलेल्या दोन्हींवर केलेला खर्च वाया जातो. पुढील मार्गदर्शन एक किंवा दोन इंडक्शन भट्ट्या असलेल्या, ग्रीन सँडमध्ये (बेंटोनाइट माती व पाणी मिसळलेल्या ओल्या वाळूत) साचे बनवणाऱ्या आणि बिडाची किंवा एस.जी. आयर्नची (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा बिडाची) कास्टिंग्ज ओतणाऱ्या फाउंड्रीला समोर ठेवून लिहिले आहे.

आधी भाजक ठरवावा

कोणतेही यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी एक निर्णय कागदावर घ्यावा : सर्व हिशेब वितळवलेल्या धातूच्या टनावर न मांडता ग्राहकाने स्वीकारलेल्या चांगल्या कास्टिंगच्या टनावर मांडायचा. निर्णय साधा वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा असतो. समजा, एक टन धातू वितळवण्यासाठी भट्टीला ६०० युनिट वीज लागते. ओतलेल्या धातूपैकी रनर (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) आणि रायझर (गोठतानाचे आकुंचन भरून काढणारा जादा धातू) वगळता कास्टिंगमध्ये राहणारा भाग, म्हणजे यील्ड, ६० टक्के आहे, आणि रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, ८ टक्के आहे. तर एक टन चांगल्या कास्टिंगमागे ६०० भागिले (०.६० गुणिले ०.९२), म्हणजे सुमारे १,०८७ युनिट वीज खर्च झाली. आता भट्टी तीच ठेवून यील्ड ६५ टक्क्यांवर नेले आणि रिजेक्शन ५ टक्क्यांवर आणले, तर हा आकडा सुमारे ९७२ युनिटांवर येतो. टनामागे ११५ युनिट वाचली आणि भट्टीला हातही लावावा लागला नाही. महिन्याला २०० टन चांगला माल देणाऱ्या कारखान्यासाठी ही २३,००० युनिट होतात. आणि देशातील ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर महिन्याला सुमारे १६ टन उत्सर्जन कमी होते.

भाजक असा ठरला की गुणवत्ता विभाग, मेल्टिंग विभाग आणि पर्यावरणाचे काम पाहणारा अधिकारी एकाच आकड्याकडे पाहू लागतात. वितळवलेल्या टनावर हिशेब असेल, तर मेल्टिंगवाल्यांचा आकडा उत्तम दिसतो आणि फेटलिंगमध्ये (कास्टिंग साफ करण्याच्या विभागात) बाद झालेला ढीग दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर पडतो. तोच बाद माल पुन्हा भट्टीत जाऊन तेवढीच वीज दुसऱ्यांदा खातो, हे मात्र कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

पहिले मीटर भट्टीवर, आणि त्याच्या शेजारी घड्याळ

फाउंड्रीतील विजेचा सर्वांत मोठा वाटा वितळवण्याकडे जातो, म्हणून पहिले स्वतंत्र ऊर्जा-मीटर भट्टीच्या फीडरवर बसवावे. वीज कंपनीचे मासिक बिल या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण ते संपूर्ण कारखान्याचे आणि संपूर्ण महिन्याचे असते. मीटर असे निवडावे की त्याचे वाचन संगणकाला आपोआप मिळेल. बाजारातील बहुतेक डिजिटल मीटरांत मॉडबसची, म्हणजे वाचन संगणकाला पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीची, सोय असते आणि त्यासाठी मोठ्या प्रणालीची गरज पडत नाही. मात्र केवळ युनिटांची नोंद पुरेशी नाही. प्रत्येक हीटच्या नोंदीत चार्ज टाकण्यास सुरुवात झाल्याची वेळ, धातू तयार झाल्याची वेळ, टॅपिंगची (भट्टीतून धातू काढण्याची) वेळ, टॅपिंगचे तापमान आणि धातू साच्यासाठी थांबून राहिला असेल तर किती वेळ, एवढे आलेच पाहिजे.

या नोंदीतील सर्वांत बोलका रकाना शेवटचा. धातू तयार आहे, पण मोल्डिंग लाइनवर साचे तयार नाहीत. म्हणून भट्टी कमी शक्तीवर चालू ठेवून तापमान टिकवले जाते. शुद्ध हिशेबाने पाहिले, तर लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानापर्यंत नेण्यासाठी टनाला ४०० युनिटांहून थोडी कमी वीज पुरते. प्रत्यक्षातील खर्च त्याहून दीडपट असतो, आणि मधल्या फरकात कॉइल व पॅनेलमधील अटळ तोट्यांच्या बरोबरीने या थांबण्याचा आणि उघड्या झाकणाचा वाटा असतो. तप्त पृष्ठभागावरून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. १,४५० अंश सेल्सिअसवर असलेला धातू, वाट पाहावी लागणार म्हणून १,५०० अंशांपर्यंत नेऊन ठेवला, तर झाकण उघडे असताना होणारा हा तोटा सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. मेल्टर हे निष्काळजीपणाने करत नाही. लेडलमध्ये (धातू वाहून नेण्याच्या भांड्यात) धातू गार होईल आणि कोल्ड शट (धातू नीट एकजीव न झाल्याच्या भेगा) येतील, ही त्याची भीती खरी असते. म्हणून त्याला दोष देण्याऐवजी लेडल आधी तापवण्याची, लेडलला झाकण देण्याची आणि लाइनकडून साच्यांची आगाऊ सूचना मिळण्याची व्यवस्था करावी.

याच घड्याळाचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. एस.जी. आयर्नमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया केल्यानंतर तिचा परिणाम मिनिटागणिक ओसरू लागतो, आणि इनॉक्युलेशनचेही (ग्राफाइट नीट तयार व्हावे म्हणून धातूत मिसळलेल्या द्रव्याचेही) तसेच आहे. प्रक्रियेपासून शेवटचा साचा ओतेपर्यंतचा वेळ नोंदवला जाऊ लागला की ज्या हीटमध्ये ग्राफाइटच्या गोळ्या बिघडल्या, त्यांतील किती हीट्समध्ये धातू थांबून राहिला होता, हे शोधता येते. विजेचा अपव्यय आणि बाद कास्टिंग यांचे मूळ एकाच प्रतीक्षेत आहे, असे एकदा आकड्यांतून दिसले की साच्यांचे आणि हीटचे वेळापत्रक एकत्र आखण्याची कल्पना कारखान्यातूनच पुढे येते. प्रक्रियेतील नावीन्य म्हणतात ते हेच. त्यासाठी एक मीटर, एक घड्याळ आणि रोज भरली जाणारी प्रामाणिक नोंद लागते.

भट्टीकडे लक्ष असतानाच परतीच्या मालाचाही, म्हणजे पुन्हा वितळवायला येणाऱ्या धातूचाही, विचार करावा. रनर-रायझरला चिकटलेली वाळू तशीच भट्टीत गेली, तर तिला तापवून स्लॅग करण्यासाठी वीज जाते आणि अस्तरही लवकर झिजते. परतीचा माल शॉट ब्लास्ट करून (छर्ऱ्यांच्या माऱ्याने साफ करून) घेतलेल्या हीट आणि तसाच घेतलेल्या हीट, अशा दोन गटांची युनिट मीटरवर तुलना करून पाहावी. शॉट ब्लास्टिंगचा खर्च वसूल होतो की नाही, याचे उत्तर प्रत्येक कारखान्यात वेगळे येईल, पण ते अंदाजावर सोडण्याचे कारण उरणार नाही.

वाळू

वाळूचे काम अधिक चिकाटीचे आहे आणि माझ्या अनुभवाने नावीन्याला सर्वांत जास्त वाव येथेच आहे. ग्रीन सँडमध्ये सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचा तोल रोज, किंबहुना दर तासाला बदलत असतो. दुपारपर्यंत लाइनवरून परत येणारी वाळू तापलेली असते. तिचे तापमान ५० अंशांच्या वर गेले की मिक्सरमध्ये घातलेले पाणी टिकत नाही, साच्याचा पृष्ठभाग सुकतो आणि सँड ड्रॉप (साच्यातील वाळू गळून पडणे), वाळूचे कण अडकणे असे दोष वाढतात. पावसाळ्यात चित्र बदलते आणि ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारी छिद्रे) डोके वर काढतात. जुन्या मोल्डरला हे मुठीत वाळू दाबून कळते. ते ज्ञान अस्सल आहे, पण तो माणूस नसलेल्या रात्रपाळीला ते उपयोगी पडत नाही आणि तो निवृत्त झाला की कारखान्यातून निघून जाते.

म्हणून ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते), ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची दाब सहन करण्याची ताकद), पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू किती सहज जातो) आणि परतीच्या वाळूचे तापमान या पाच मोजमापांची ठरावीक अंतराने नोंद करावी, आणि ती नोंद त्याच तासात ओतलेल्या साच्यांशी जोडावी. ही जोडणी हा सगळ्या कामाचा कणा आहे. बहुतेक फाउंड्रींत वाळूच्या चाचण्यांचे रजिस्टर असते आणि रिजेक्शनचेही असते. दोन्ही नीट भरलेली असतात, पण एकमेकांना भेटत नाहीत, कारण बाद कास्टिंग कोणत्या तासाच्या वाळूत ओतले होते हे कोणालाच सांगता येत नाही. साच्यावर हीट क्रमांकाबरोबर तासाचे चिन्ह उठवण्याची व्यवस्था केली, की साध्या स्प्रेडशीटमध्येही दोन्ही रजिस्टरे शेजारी ठेवता येतात. यानंतरच वाळूच्या मिश्रणाचा आपोआप अंदाज देणाऱ्या प्रगत सॉफ्टवेअरचा विचार करावा. जोडलेल्या नोंदी नसताना असे सॉफ्टवेअर घेतले, तर त्याला शिकण्यासाठी काही नसते.

पर्यावरणाचा प्रश्न येथे थेट उत्पादनाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. वापरलेल्या वाळूचे ढीग ही कोल्हापूर परिसराची जुनी अडचण आहे, आणि नवी सिलिका वाळू दुरून आणावी लागते. रेझिन वापरलेली कोअरची (कास्टिंगमधील पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याची) वाळू भाजून पुन्हा वापरण्याजोगी करता येते. ग्रीन सँडमधील वाळू यांत्रिक घर्षणाने स्वच्छ करता येते, मात्र कणांवर भाजून बसलेला मातीचा थर काढणे अवघड असते. लहान कारखान्याला स्वतःचा पुनर्प्राप्ती संच परवडत नसेल, तर सामाईक केंद्राचा मार्ग योग्य ठरतो. तेथून येणारी वाळू स्वीकारताना तीन गोष्टी प्रत्येक खेपेला तपासाव्यात : जळून जाणाऱ्या अंशाचे प्रमाण, कणांची सूक्ष्मता आणि आम्ल शोषण्याची क्षमता. तिसरी चाचणी बऱ्याचदा टाळली जाते, आणि मग कोअर नीट सेट होत नाहीत तेव्हा सगळा ठपका जुन्या वाळूवर येतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चांगली भाजलेली पुनर्प्राप्त वाळू ही नव्या वाळूची दुय्यम बदली आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिचे कण एकदा तापून गेल्यामुळे ओतताना कमी प्रसरण पावतात, आणि अनेकदा तिला रेझिनही कमी लागते. रेझिन कमी म्हणजे वायू कमी, आणि वायू कमी म्हणजे पातळ भिंतींच्या, गुंतागुंतीच्या कोअर असलेल्या कास्टिंगमध्ये ब्लो होलची शक्यता कमी. कचरा कमी करण्यासाठी सुरू केलेल्या प्रयोगातून, आधी नाकारावी लागणारी ऑर्डर स्वीकारण्याची क्षमता कशी तयार होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मात्र हे सर्व त्या तीन चाचण्यांच्या नोंदींवर अवलंबून आहे.

पॅटर्न कापण्याआधी सिम्युलेशन

यील्ड वाढवण्याचे मुख्य साधन म्हणजे रायझरची रचना. साच्यातील भाग गोठायला लागणारा वेळ हा त्याच्या आकारमानाला पृष्ठफळाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. रायझर कास्टिंगच्या जाड भागानंतर गोठला पाहिजे, एवढीच अट असते. अंदाजाने काम करताना सुरक्षिततेसाठी रायझर गरजेपेक्षा मोठा ठेवला जातो आणि तो प्रत्येक ओतणीत जादा धातू वितळवायला लावतो. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर ओतणीची नक्कल करताना, गोठण्याचा क्रम पडद्यावर दिसतो, त्यामुळे रायझर किती लहान करता येईल, कुठे एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायझर गरम ठेवणारे वेष्टण) लावावी आणि कुठे चिल (धातू लवकर गार करणारा तुकडा) ठेवावा, हे पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) कापण्याआधी ठरवता येते. आयआयटी मुंबईमध्ये प्रा. बी. रवी यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या ई-फाउंड्री या उपक्रमाने कास्टिंगच्या रचनेचे धडे आणि ऑनलाइन सिम्युलेशन विनामूल्य उपलब्ध करून दिले. ज्यांनी हे साधन कधीच वापरलेले नाही, त्यांनी सुरुवात तेथून करावी.

सिम्युलेशन चालवणारा तरुण अभियंता आणि पॅटर्न बनवणारा जुना कारागीर यांना मात्र एकाच टेबलाशी बसवावे. संगणकात भरलेले ओतण्याचे तापमान किंवा साच्याचा कडकपणा प्रत्यक्षापेक्षा वेगळा असेल, तर पडद्यावरचे चित्र कितीही सुबक असले तरी चुकीचे असते, आणि ती तफावत कारागिराच्या लगेच लक्षात येते. प्रत्येक नव्या कास्टिंगसाठी सिम्युलेशनचा अंदाज आणि कापून पाहिलेल्या कास्टिंगमधील खरी श्रिंकेज (आकुंचनाने पडलेली पोकळी) यांची छायाचित्रे एकत्र जतन करावीत. अशा जोड्या साठत गेल्या की पुढच्या अंदाजांची अचूकता वाढते, आणि हा संग्रह स्पर्धकाला विकत घेता येत नाही.

प्रयोगाची मुभा

आकडे दिसू लागल्यावर बहुतेक कारखाने येथे येऊन थांबतात. भिंतीवर मोठा पडदा लागतो, पाहुण्यांना तो दाखवला जातो, आणि भट्टीवर काम पूर्वीसारखेच चालू राहते. याचे कारण असे की बदल करून पाहण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो, आणि केलेला बदल फसला तर रिजेक्शनचा बोजा करणाऱ्याच्या नावावर पडतो. म्हणून प्रयोगासाठी वेगळी नोंद आणि वेगळे खाते ठेवावे. एका पानाचे मराठी प्रयोगपत्र पुरते : काय बदलणार, कोणत्या हीटला, कोणत्या आकड्यात फरक अपेक्षित आहे, प्रयोग कधी थांबवायचा आणि प्रत्यक्षात काय झाले. प्रयोगातील बाद माल त्या शिफ्टच्या रिजेक्शनमध्ये धरू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण बेंटोनाइटचा पुरवठादार आणि मिक्सिंगचा वेळ एकाच आठवड्यात बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

आठवड्यातून एकदा मेल्टर, मोल्डर, सँड लॅबमधील तंत्रज्ञ, फेटलिंगचा मुकादम आणि गुणवत्ता अधिकारी यांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि त्या आठवड्यातील सर्वांत वाईट हीट घेऊन तिच्या सर्व नोंदी एकत्र वाचाव्यात. सर्वांत चांगली हीटही वाचावी. ती का चांगली झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. नोंदी शिफ्ट संपताना आठवून भरल्या जात असतील, तर अशा बैठकीत ते लगेच उघड होते, आणि त्यासाठी शिक्षा करण्यापेक्षा नोंद करणे सोपे करावे : भट्टीजवळ मोठ्या अक्षरांचा मराठी पडदा, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी बटणे, आणि जे मीटर स्वतः सांगू शकते ते माणसाला पुन्हा लिहायला न लावणे.

मदत कुठे मिळते

या कामासाठी सरकारी योजना आहेत, पण त्यांचा क्रम सांभाळावा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्र योजना एप्रिल २०२२ मध्ये नव्या रूपात सुरू झाली. तिच्यात कांस्य, रजत आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत आणि प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान मिळते. ऊर्जा-कार्यक्षम यंत्रांसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२५ मध्ये सुरू केलेल्या अडीटी योजनेत कर्जाच्या व्याजात सवलत आहे. पुण्यातील सी४आय४ लॅब हे अवजड उद्योग मंत्रालयाच्या समर्थ उद्योग कार्यक्रमातील केंद्र आहे आणि तेथे डिजिटल उत्पादनाचे प्रशिक्षण व सल्ला मिळतो. माझा सल्ला असा की कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी स्वतःच्या भट्टीच्या किमान तीन महिन्यांच्या हीटनिहाय नोंदी तयार असाव्यात. त्या नसतील, तर कोणते यंत्र घ्यायचे हे पुरवठादार ठरवतो.

ग्राहकाच्या प्रश्नावलीला उत्तर देताना

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये आणलेल्या बीआरएसआर अहवालाच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरण व सामाजिक बाबींची माहिती देणे बंधनकारक झाले. या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे प्रश्नावली पाठवतात. युरोपात माल जात असेल, तर तेथील कार्बन सीमा यंत्रणाही (आयात मालामागील उत्सर्जनावर शुल्क आकारणारी) पाहावी लागते : तिचा केवळ अहवाल देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक जबाबदारीचा टप्पा लागू झाला. बिडाचे पाइप या यंत्रणेच्या मूळ यादीत आहेत, पण प्रत्येक कास्टिंग तिच्यात येतेच असे नाही. म्हणून सल्लागाराला पैसे देण्याआधी आपल्या मालाचा सीमाशुल्क कोड त्या यादीशी ताडून पाहावा, आणि यादी बदलत असल्याने दरवर्षी पुन्हा ताडावा.

प्रश्नावलीत सरासरी आकडे टाकून ती परत पाठवता येते, आणि बरेच जण तसेच करतात. परंतु ज्याच्याकडे चांगल्या कास्टिंगच्या टनामागील वीज भागनिहाय उपलब्ध आहे, त्याने एक पाऊल पुढे जावे. आपल्या सर्वांत जास्त वीज खाणाऱ्या पाच कास्टिंग्जची यादी काढावी आणि प्रत्येकीसाठी ग्राहकाच्या डिझाइन विभागाला एक प्रस्ताव द्यावा : अमुक ठिकाणची जाडी एवढी कमी केली किंवा येथे त्रिज्या वाढवली, तर रायझर लहान होतो, भागाचे वजन एवढे घटते आणि उत्सर्जन एवढे कमी होते; सोबत सिम्युलेशनचे चित्र आणि कापलेल्या कास्टिंगचे छायाचित्र. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे माल ओतून देणाऱ्या कारखान्याशी खरेदी विभाग किलोच्या दरावर बोलतो. असा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्या कारखान्याशी डिझाइन विभाग बोलतो, आणि पुढच्या मॉडेलच्या भागांची चर्चा सुरू होते तेव्हा त्यालाच आधी बोलावले जाते. दर किलोवर असेल, तर प्रस्तावातील वजनघट मान्य झाल्यास नगामागे मिळणारी रक्कमही कमी होते, हे लक्षात घेऊन दर नगावर ठरवण्याची बोलणी प्रस्ताव देतानाच करावीत. ड्रॉइंग बदलल्यानंतर ती करणे फार कठीण जाते.